मित्राच्या वहीवर काय लिहावे?

कोणत्याही शाळेतील निबंधाच्या वह्या चाळून पाहाव्यात. पानाच्या शेवटी लाल शाईत 'छान', 'ठीक', 'अक्षर सुधारा', 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्या' यांपैकी एखादा शेरा आणि त्याखाली सही व तारीख दिसते. आम्हीही वर्षानुवर्षे असेच शेरे लिहीत आलो आहोत. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास आणि टेबलावर वह्यांचा गठ्ठा असला म्हणजे दुसरे काही लिहायला सवड मिळत नाही, हे खरेच आहे. तेव्हा मुलांनीच एकमेकांचे लेखन वाचून अभिप्राय द्यावा, ही सूचना पुढे आली की शिक्षकांना ती आवडते. ओझे हलके होते, आणि मुलांनाही काम मिळते.

सूचना चांगली आहे. ती महाराष्ट्रात नवीही नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातील आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत 'सहाध्यायी मूल्यमापन' या शब्दाला जागा मिळाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या नोंदीबरोबर विद्यार्थ्याने स्वतःचे आणि सोबत्यांनी त्याचे केलेले मूल्यमापन असावे असे सुचविले. परंतु शब्द आला म्हणजे काम आले असे होत नाही. आमची तक्रार अशी, की पुष्कळ ठिकाणी मुलांच्या हाती आम्ही फक्त आमचा लाल पेन दिला. मुलांनी आमचाच कित्ता गिरवला आणि मित्राच्या वहीवर लिहिले, 'छान. अक्षर सुधार.'

यात मुलांचा दोष नाही. मित्राच्या वहीवर काय लिहायचे असते, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नाही.

भाषाच या बाबतीत एक खूण सांगते. आपण अभिप्राय 'देतो', पण शेरा 'मारतो'. शेरा हा कचेरीतला शब्द आहे. साहेबाने फायलीवर शेरा मारला की प्रकरण संपते. त्यावर कोणी उत्तर देत नाही. निबंध मात्र शेऱ्याने संपायला नको, तो शेऱ्यानंतर सुरू व्हायला हवा. येथेच आपल्या शाळांतील जुनी व्यवस्था आड येते. आपल्याकडे एक कच्ची वही असते आणि एक पक्की वही असते. कच्ची वही कोणी पाहत नाही. पक्की वही सर्व जण पाहतात, पण तिच्यात खाडाखोड चालत नाही. म्हणजे जिथे बदल करता येतो तिथे वाचक नाही, आणि जिथे वाचक आहे तिथे बदल करता येत नाही! अशा पानावर कितीही शहाणपणाची सूचना लिहिली तरी ती वाया जाते. वर्गमित्राच्या अभिप्रायाची जागा कच्च्या वहीत आहे. ही एक गोष्ट बदलली नाही, तर बाकीचे सर्व उपाय कागदावरच राहतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, बिडकीनच्या एखाद्या शाळेत आठवीच्या वर्गाला 'जायकवाडी धरण' हा विषय दिला आहे. बिडकीन हे पैठण तालुक्यातले गाव छत्रपती संभाजीनगर ते पैठण या रस्त्यावर आहे, त्यामुळे धरण तिथल्या मुलांना परके नाही. एका मुलीने कच्च्या वहीत लिहिले :

'जायकवाडी धरण खूप मोठे आहे. ते गोदावरी नदीवर पैठणजवळ आहे. त्यात १०२ टीएमसी पाणी असते. अंबडकडे माझ्या मामाच्या गावाला कॅनॉलला पाणी सुटले की पऱ्हाटी वाचते. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते म्हणून धरण आटते. म्हणून आपण पाणी जपून वापरले पाहिजे.'

ही वही चार सोबत्यांकडे गेली असे मानू. पहिल्याने लिहिले, 'खूप छान.' मुलगी खूश झाली, पण तिच्या निबंधात एक अक्षरही बदलले नाही.

दुसऱ्याने 'कॅनॉल' खोडून 'कालवा' केले आणि 'पऱ्हाटी' खोडून 'कापसाचे पीक' केले. वर 'गावठी शब्द वापरू नये' अशी समजही दिली. हा मुलगा हुशार समजला जातो, आणि नेमके यातच मोठे नुकसान आहे. 'कालवा' केले ते ठीक. पण 'पऱ्हाटी' हा शब्द त्या निबंधातला सर्वांत नेमका शब्द होता. त्या एका शब्दात कापसाचे उभे झाड आहे, शेत आहे आणि मामाचे घर आहे. विज्ञानाच्या लेखनाला तर नेमका शब्दच हवा असतो. घरातला शब्द वर्गात हसण्यावारी गेला की मूल पुढच्या वेळी तो लिहीत नाही. काही दिवसांनी ते घरातले काहीच लिहीत नाही आणि मग गाइडमधले उतरवून काढू लागते. 'मुलांना स्वतःचे काही लिहिताच येत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची सुरुवात अशा एखाद्या खोडलेल्या शब्दापाशी झालेली असू शकते.

तिसऱ्याने सगळा परिच्छेदच नव्याने लिहून दिला. सुरुवातीला पाण्याची महती सांगणारे एक सुभाषित, मध्ये धरणांचे चार फायदे आणि शेवटी संदेश. भाषा अगदी सफाईदार होती. पण आता हा निबंध त्या मुलीचा राहिला नाही.

चौथीने काहीच खोडले नाही. तिने शेजारी पेन्सिलीने लिहिले : 'मामाच्या गावचं वाचताना मला शेत दिसलं. टीएमसी म्हणजे काय ते कळलं नाही. १०२ टीएमसी वर्षभर तेवढंच असतं का? आणि वाफेनंच धरण आटतं, तर आपल्या रस्त्याच्या कडेनं पाइपातून शहराला जातं ते पाणी तू कुठं धरलंस?'

या चार ओळींनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. जायकवाडीच्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, एकूण सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर, अर्थात १०२ टीएमसीच्या थोडे वर पाणी मावते. त्यातील सुमारे ७३८ दशलक्ष घनमीटर, म्हणजे २६ टीएमसी हा मृतसाठा आहे. तो दरवाजांच्या खालच्या पातळीचा असल्याने नेहमीच्या मार्गाने बाहेर काढता येत नाही. वापरता येण्याजोगा उपयुक्त साठा सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ७६ टीएमसी एवढा आहे, आणि तोही धरण पूर्ण भरले तरच. तेव्हा 'त्यात १०२ टीएमसी पाणी असते' हे वाक्य चूक आहे. 'मावते' हे बरोबर आहे. एका क्रियापदाचा फरक आहे, पण धारणक्षमता आणि प्रत्यक्ष साठा यांतील सगळा फरक त्या क्रियापदात आहे. मैत्रिणीला हे आकडे माहीत होते असे मुळीच नाही. तिने फक्त विचारले, 'वर्षभर तेवढंच असतं का?'

दुसरा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. नाथसागर पसरट आणि उथळ आहे, म्हणून बाष्पीभवनाने तिथले बरेच पाणी जाते हे खरेच. परंतु धरण केवळ वाफेमुळे आटत असेल, तर पाणी जपून वापरून काय होणार? मुलीच्या निबंधातील शेवटची दोन वाक्ये 'म्हणून' या शब्दाने जोडलेली होती, पण ती प्रत्यक्षात जुळत नव्हती. कालव्यांना, शहरांना व कारखान्यांना जाणारे पाणी हिशेबात घेतल्यावरच 'जपून वापरले पाहिजे' या उपदेशाला आधार मिळतो. हा दुवा निसटलेला आहे हे शिक्षकाला लगेच दिसले असते. पण मैत्रिणीने तो दाखवला, तोही रोज येता-जाता दिसणाऱ्या पाइपावरून. असा वाचक गावाबाहेरून आणता येत नाही.

चौथीच्या अभिप्रायात तीन गोष्टी होत्या. आपल्याला काय पोचले ते तिने सांगितले. कुठे अडखळलो ते दाखवले. आणि खरोखर पडलेले प्रश्न विचारले. तिने निकाल दिला नाही आणि लेखिकेच्या हातातले पेन काढून घेतले नाही. वर्गमित्राचा अभिप्राय म्हणजे परीक्षण नव्हे, ती एका वाचकाने दिलेली साक्ष असते, असे आमचे म्हणणे आहे. गुणांकन करायला अधिकार आणि अनुभव लागतो. 'मला इथे कळले नाही' हे सांगायला फक्त प्रामाणिकपणा लागतो, आणि तो आठवीतल्या कोणत्याही मुलाकडे असतो.

दुसऱ्याचे लेखन हाताळताना संयम ठेवण्याचा एक मोठा दाखला बिडकीनच्या याच रस्त्याने पुढे गेल्यावर पैठणला सापडतो. संत एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांच्या नकला-पाठांतरांत मूळ ग्रंथात अपपाठ शिरले होते. एकनाथ स्वतः मोठे कवी होते. एखादी ओवी आपल्या मनाने सुधारणे त्यांना जड नव्हते. पण त्यांनी आपले काम पाठ शुद्ध करण्यापुरते ठेवले आणि या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. अर्थात येथे एक फरक आहे. एकनाथांना मूळ लेखकाला विचारण्याची सोय नव्हती. आपल्या वर्गातला लेखक मात्र शेजारच्याच बाकावर बसलेला असतो. मग त्याला न विचारता त्याची ओळ बदलण्याचे कारणच काय?

विज्ञानाच्या जगात तर सोबत्यांनी लेखन तपासणे ही रोजची रीत आहे. शोधनिबंध छापण्यापूर्वी त्याच विषयातील इतर जाणकार तो वाचतात. पण ही रीतही सहज बसलेली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीत १८३१ साली विल्यम ह्यूएल यांनी निबंधांवर लेखी अहवाल मागवण्याची कल्पना मांडली. पहिल्या अहवालासाठी जॉर्ज एअरी यांचा, पृथ्वी व शुक्र यांच्या गतींतील एका दीर्घकालिक विषमतेवरचा निबंध निवडला गेला. अहवाल लिहिणारे दोघे होते, ह्यूएल स्वतः आणि जॉन लबक. आणि दोघांचे लगेच जुंपले! ह्यूएलना निबंधाचे महत्त्व आणि त्याचे शास्त्रातील स्थान सांगायचे होते. लबकना गणितातील उणिवा दाखवायच्या होत्या. एअरींना हे कळले तेव्हा ते वैतागले आणि निबंध बदलायला तयार झाले नाहीत. शेवटी लबकनी माघार घेतली आणि ह्यूएल यांच्या धाटणीचा अहवाल १८३२ मध्ये दोघांच्या नावाने सादर झाला.

आमच्या मते दोघांचेही थोडे थोडे बरोबर होते. लेखकाने काय करू पाहिले आहे हे आधी समजून घ्यावे, हा ह्यूएलचा आग्रह. ते कुठे साधले नाही हे लपवू नये, हा लबकचा आग्रह. आपल्या वर्गात 'छान' लिहिणारा पहिला मुलगा नुसता स्तुतीवर थांबतो आणि लाल खुणा करणारा दुसरा नुसता चुकांवर. चौथीने दोन्ही गोष्टी योग्य क्रमाने केल्या.

बरोबर दाखवलेली चूकही माणसाला झोंबते, हे विसरून चालत नाही. १९३६ साली अल्बर्ट आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकाकडे एक निबंध पाठवला. गुरुत्वलहरी अस्तित्वातच नसतात, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकांनी तो दुसऱ्या एका तज्ज्ञाकडे वाचायला दिला. त्या तज्ज्ञाने युक्तिवादातील चूक दाखवणारे दहा पानांचे टिपण पाठवले. आइन्स्टाइन संतापले, न विचारता निबंध दुसऱ्याला दाखवला म्हणून त्यांनी तो परतच घेतला. ते टिपण हॉवर्ड रॉबर्टसन यांचे होते. पुढे प्रिन्स्टनमध्ये रॉबर्टसन यांनी आइन्स्टाइन यांचे सहकारी लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी बोलताना तीच अडचण समजावून सांगितली. निबंधाचा निष्कर्ष बदलला आणि १९३७ मध्ये तो दुरुस्त रूपात दुसऱ्या नियतकालिकात छापला गेला. निनावी कागदाला जे साधले नाही, ते समोरासमोरच्या बोलण्याने साधले. त्याच गुरुत्वलहरी २०१५ मध्ये अमेरिकेतील लायगो प्रयोगात प्रथमच प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या. लायगोच्या भारतातील वेधशाळेसाठी आपल्या मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची जागा निवडण्यात आली असून, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या प्रकल्पाला मंजुरी दिली. वर्गात ही गोष्ट अवश्य सांगावी. आइन्स्टाइनना राग आला, तर आपल्यालाही येणारच; पण राग ओसरल्यावर वही पुन्हा उघडायची असते.

शिक्षणशास्त्रातील दोन प्रयोग येथे उपयोगी पडतात. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इस्रायलमधील अभ्यासात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त अभिप्राय आणि काहींना दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांचे काम सुधारले आणि गोडीही टिकली. गुण आणि अभिप्राय एकत्र दिले तेव्हा मात्र अभिप्रायाचा फायदा दिसला नाही. मुलांचे लक्ष गुणांवरच गेले असावे. म्हणूनच कच्च्या वहीवर मित्राने दहापैकी सहा वगैरे लिहिणे आम्हाला घातक वाटते. दुसरा अभ्यास २००९ चा, लुंडस्ट्रॉम आणि बेकर यांचा. इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या ९१ विद्यार्थ्यांपैकी एका गटाने फक्त इतरांच्या लेखनावर अभिप्राय देण्याचा सराव केला आणि दुसऱ्याने फक्त मिळालेले अभिप्राय वापरण्याचा. स्वतःच्या लेखनात अधिक प्रगती झाली ती देणाऱ्यांची, आणि त्यातही नवशिक्यांची. तेव्हा 'कच्च्या मुलाला काय कळणार?' असे म्हणून त्याला या कामातून वगळणे म्हणजे ज्याला लाभ सर्वांत जास्त, त्यालाच दाराबाहेर ठेवणे होय.

हे वर्गात कसे करावे? आमची सूचना साधी आहे. पहिल्या दिवशी शिक्षकाने स्वतःचा लिहिलेला एक कच्चा परिच्छेद फळ्यावर मांडावा आणि मुलांना त्यावर बोलू द्यावे. मुलांनी अडचण दाखवल्यावर शिक्षक रागावत नाही, उलट फळा पुसून वाक्य बदलतो, हे त्यांना दिसले पाहिजे. त्यानंतर जोड्या कराव्यात. हुशार-कच्चे अशी वाटणी करू नये आणि जोड्या दर वेळी बदलाव्यात. वाचणाऱ्याच्या हाती पेन्सिल द्यावी, लाल पेन नको. खोडण्याची मनाई असावी. त्याने तीनच गोष्टी लिहाव्यात : मला यातून काय कळले ते एका वाक्यात, मी कुठे अडखळलो ते खाली रेघ मारून, आणि मला पडलेला एक प्रश्न. मग दोघांनी पाच मिनिटे बोलावे. शुद्धलेखन या फेरीत आणू नये. वाक्यच बदलणार असेल तर त्यातील वेलांटी आज दुरुस्त करून काय उपयोग? ते पक्क्या वहीत उतरवण्यापूर्वी पाहावे.

शेवटची पायरी बहुधा राहून जाते. लेखकाने समासात प्रत्येक प्रश्नापुढे लिहावे : 'बदलले', किंवा 'बदलले नाही, कारण...'. अभिप्राय मानण्याची सक्ती नाही, पण त्याचा विचार करण्याची आहे. 'पऱ्हाटी ठेवली, कारण आमच्याकडे हाच शब्द आहे' असे जी मुलगी लिहील, ती लेखिका होऊ लागली आहे असे समजावे. शिक्षकाने तपासायचा तो हा समास. त्यात मुलाची विचार करण्याची रीत दिसते, आणि हल्ली गाइडमधून किंवा मोबाइलमधून उतरवलेला निबंधही त्यातच उघडा पडतो, कारण स्वतः न लिहिलेल्या वाक्यावरच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुले एकमेकांना चुकीची माहिती देऊ शकतात. आकडे आणि शास्त्रीय विधाने यांची जबाबदारी शिक्षकाचीच राहते. जवळचे मित्र गोड बोलतात आणि भांडलेले मित्र टोचून लिहितात. वेळही जातो. एका निबंधाला एकाऐवजी तीन तास लागतात. म्हणून वर्षात दहा निबंध लिहून घेण्यापेक्षा चारच घ्यावेत, पण ते दोनदा लिहून घ्यावेत, असे आम्ही सुचवू. दहा निबंधांवर दहा शेरे जमतील. चार निबंधांत मुलाला चार वेळा खरा वाचक मिळेल.

येत्या सत्रात एका वर्गात, एका निबंधापुरते तरी हे करून पाहावे. विषय आपल्या गावातलाच घ्यावा : बिडकीनला धरण असेल किंवा औद्योगिक वसाहत, आणखी कुठे विहीर, ओढा, आठवड्याचा बाजार. सोबत्याला ज्याबद्दल थोडेफार माहीत आहे, त्यावरच तो खरा प्रश्न विचारू शकतो. कच्ची वही आणि पक्की वही शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि दोन्हींत काय बदलले ते मुलांनाच वाचून दाखवायला सांगावे.